डावा कोपरा

सकाळी अकराच्या सुमारास इंटरकॉम वाजला आणि खालून सिताराम म्हणाला, मॅडम, तुमचं पार्सल परत आलंय. नुसतं आलंय म्हणाला असता तरी चाललं असतं. 'परत' हा शब्द त्याने जपून, आवाज खाली आणून उच्चारला. म्हणजे आमच्या विंगमधल्या वॉचमनलासुद्धा एव्हाना कळलंय, की चौथ्या मजल्यावरच्या नंदिनी कोळी अधूनमधून एक मोठं गाठोडं कुठेतरी पाठवतात आणि ते अधूनमधून परत येतं. मी गॅस बंद केला, गाऊनवर ओढणी घेतली आणि खाली गेले. गेटवरच्या केबिनमधल्या खुर्चीची बैठक फाटलेली आहे. तिच्यावर माझं पार्सल ठेवून सिताराम बसला होता. मला बघून ओशाळून उठला. मऊ होतं म्हणून टेकलो जरा, मणक्याचा त्रास आहे, म्हणाला. मी म्हणाले, बसा हो, त्यात काय. महिनाभरात आतल्या माझ्या गोधडीचा कोणाला काही उपयोग झाला असेल तर तो त्याच्या मणक्याला. एरवी मला याचं हसू आलं असतं.

लिफ्टमध्ये मी पार्सल पोटाशी धरून उभी होते. आत पत्र असणार हे माहीत होतं, आणि पत्रात काय असणार हेही माहीत होतं, तरी चौथ्या मजल्यापर्यंत मी मनातल्या मनात एक दुसरंच पत्र वाचत होते. नकाराची सवय होते असं लोक म्हणतात. मला चार नकारांत तरी झालेली नाही. फक्त आधी रडू यायचं, आता झोप येते. घरात येऊन मी पार्सल दिवाणावर टाकलं, आधी भाजी फोडणीला घातली, भाताचा कुकर लावला, आणि मग ओला हात ओढणीला पुसत पाकीट फाडलं. बेलापूरला दरवर्षी कापडातल्या कलाकृतींचं एक मोठं प्रदर्शन भरतं, त्यांचं पत्र. 'ओहोटी' ही आपली कलाकृती यंदा पहिल्या यादीत निवडता आली नाही. आणि खाली, छापील मजकुराच्या खाली, कोणीतरी पेनाने लिहिलं होतं: रचना उत्तम. परंतु डाव्या खालच्या कोपऱ्यातील टाके असमान आहेत, कलाकाराचा हात तिथे थकल्यासारखा वाटतो. तेवढा भाग नव्याने करून पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत कार्यालयात आणून दिल्यास दुसऱ्या यादीसाठी जरूर विचार करू. 'जरूर'खाली रेघ होती. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी पहिल्यांदाच रेघ मारली होती.

आधीच्या गोधड्यांना आलेल्या तीन नकारांची गंमत अशी, की ते एकमेकांशी जुळत नाहीत. फोर्टमधल्या एका गॅलरीतल्या बाईंनी गोधडीला बोटही न लावता सांगितलं, की ही हस्तकला आहे, कला नव्हे. मग मी एका हस्तकला मेळ्यात अर्ज केला, तर ते म्हणाले, ही तर कला झाली, आमच्याकडे पारंपरिक वस्तू लागतात. तिसऱ्या ठिकाणी हीच डिझाइन फिकट रंगांत कराल का असं विचारलं, म्हणजे सोफ्याला मॅच होईल. मी खाडीचा चिखल फिकट रंगात कसा करणार? प्रत्येक वेळी श्यामसुंदर, म्हणजे माझा नवरा, पेपर खाली न घेता म्हणतो, पुढच्या वेळी होईल. पावण्याच्या केमिकल कंपनीत त्याने तीस वर्षं शिफ्ट केल्या, तिथे पुढची वेळ नेहमी यायची. लेक रुतिका इथेच ऐरोलीत आयटी पार्कमध्ये आहे. ती म्हणते, मम्मी, टेन्शन नको घेऊस, ते तुला नाही, तुझ्या कामाला रिजेक्ट करतात. हे तिला ऑफिसात शिकवलेलं असणार. ज्यांचं काम आणि आपण वेगवेगळे असतात त्यांचं बरं असेल. माझं तसं नाही. बँकेतली नोकरी मी मुदतीआधी सोडली ती यासाठी, आणि चोपन्नाव्या वर्षी 'मी काय करते' या प्रश्नाला माझ्याकडे हे एकच उत्तर आहे.

मला त्या पेनाने लिहिणाऱ्या परीक्षकाचा रागसुद्धा येत नव्हता, कारण त्याचं बरोबर होतं. हात थकलेलाच होता. फक्त तो माझा नव्हता, माझ्या आईचा होता. फेब्रुवारीत आईला ताप होता म्हणून मी आठ दिवस दिवाळे गावात, तिच्या कोळीवाड्यातल्या घरी जाऊन राहिले, तेव्हा ही गोधडी सोबत नेली होती. तिच्याच जुन्या लुगड्यांची होती, विटून मऊ झालेल्या, चौकड्यांच्या; ओहोटीला खाडी मागे सरते आणि चिखलावर पाण्याच्या रेघा राहतात तसे मी धावदोरे घातले होते. ताप उतरल्यावर एका दुपारी आई भिंतीला टेकून बसली आणि हात पुढे करून म्हणाली, सुई दे. मी दिली. नाही म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे तशी रीतच आहे. गोधडी अंथरली की दारावरून जाणारी कोणीही बाई, डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून, पदराला हात पुसून, येऊन बसते आणि एक ओळ घालते. तिला सुई नाकारायची नाही, आणि तिची ओळ कितीही वाकडी आली तरी उसवायची नाही. समोरच्या घरातल्या रंगूबाईचे टाके हरभऱ्याएवढे असायचे, आई म्हणायची, तेवढ्यात पोराचं बोट अडकेल. पण ते तिथेच राहायचे. लहानपणी गोवर आला होता तेव्हा मी गोधडीच्या आत बोट फिरवत पडून राहायचे आणि टाक्यांवरून बाया ओळखायचे, ही रंगूबाई, ही काकी, ही आई. आईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे एका मापाचे. आता तिचा उजवा हात सतत हलतो, डॉक्टर म्हणाले याला इलाज नाही, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय. चार दुपारी बसून तिने तो कोपरा भरला. काही टाके लांब, काही एकावर एक चढलेले, ओळ मध्येच उताराला लागलेली. मी तशीच गोधडी घडी घालून पाठवून दिली. वर अर्जात 'ही कलाकृती संपूर्णपणे माझ्या हातची आहे' याखाली सही केली, आणि आपण काही खोटं लिहितोय असं मला वाटलं नाही. जिने अंथरली तिची गोधडी, असंच मी जन्मभर ऐकलेलं. टाके घालणाऱ्या बायांची नावं कोणी अर्जात लिहितं का?

तीन दिवस मी ते पार्सल पूर्ण उघडलंच नाही. दिवाणाच्या टोकाला ते पडून होतं आणि श्यामसुंदर त्यावर पाय ठेवून क्रिकेट बघत होता. मला काय करायचं ते पक्कं दिसत होतं, आणि म्हणूनच सारखं झोपावंसं वाटत होतं. या दिवसांत मला बँकेतला एक म्हातारा आठवत राहिला. नामदेव नाव होतं, पावणे गावातला. सिडकोने जमीन घेतली तेव्हाचं त्याचं खातं होतं. दर सहा महिन्यांनी यायचा, पांढरा शर्ट इस्त्री करून, आणि माझ्या काउंटरवर वाकून सही करायचा. एका वर्षी त्याची सही जुळेना. मी कार्डावरची जुनी सही बघितली, नवी बघितली, आणि स्लिप परत सरकवली. काका, जुळत नाही, पुन्हा करा. त्याने पुन्हा केली. मागे रांग होती, लोक चुळबुळ करत होते. पाच-सहा वेळा मी त्याला करायला लावली, आणि शेवटी म्हणाले, राहू दे, अंगठा लावा. तो चौथी शिकलेला होता, गावात पत्रं वाचून दाखवायचा, हे मला नंतर कळलं. अंगठा लावायच्या आधी तो म्हणाला होता, "सही माजीच हाय बाय, हात माजा रायला नाय." मी शाईचा पॅड पुढे केला होता. नियमाप्रमाणे मी चुकले नव्हते, आजही चुकले असं कोणी म्हणणार नाही. पण त्याने बोट पुसायला कागद मागितला नव्हता, तसाच निळा अंगठा घेऊन पांढऱ्या शर्टाला लागू नये म्हणून हात लांब धरून तो दारातून बाहेर गेला होता, तेवढं मला स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या दिवशी, सोमवारी, घरी कोणी नसताना मी खिडकीपाशी गोधडी पसरली, चष्मा लावला आणि छोटी कात्री घेतली. पहिला टाका कापताना कुठे काही वाजणार आहे असं वाटून मी थांबले. खाली सोसायटीच्या आवारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा टिंग टिंग आवाज तेवढा येत होता. मग मी भराभर उसवत गेले. आईच्या टाक्यांना जोर नव्हता, ते सहज निघत होते, ओढावेही लागत नव्हते. एका ठिकाणी तिने गाठ मारायचा प्रयत्न केला होता, जमली नव्हती, मग दुसरी, तिसरी, अशा पाच-सहा गाठी एका जागी जमून छोटा गोळा झाला होता. तिथे कात्री शिरेना. मी सुईच्या टोकाने एकेक गाठ सोडवली आणि सोडवताना मला आईचा भयंकर राग आला. कशाला मागितलीस सुई? गप पडून राहायचंस की. आयुष्यभर पाटी डोक्यावर घेऊन हिंडलीस, कधी काही मागितलं नाहीस, आणि आता मागितलंस ते नेमकं हे. राग आला तो बराच वेळ टिकला, आणि त्या रागातच कोपरा मोकळा झाला. उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे मूठभर निघाले. आमच्याकडे ओला कचरा, सुका कचरा वेगळा करतात. मी मूठ धरून दोन बादल्यांच्या मध्ये उभी राहिले आणि मग सुक्यात टाकले. सोमवारची उरलेली दुपार आणि मंगळवारचा सबंध दिवस मी टाके घातले. तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे एका मापाचे, हुबेहूब तिच्यासारखे. हात आपोआप चालत होता. मान भरून आली, बोटाला सुईने भोक पडलं, पण कोपरा असा झाला की आधी काय होतं ते मलाही आठवू नये. मला आनंद होईल असं वाटलं होतं. मी चहा केला आणि तो गार झाल्यावर प्यायले.

बुधवारी सकाळी वहिनीचा दिवाळ्याहून फोन आला. तिच्या माहेरी हळद होती, आईजवळ दुपारी चारपर्यंत कोणीतरी हवं होतं. बेलापूर तिथून दहा मिनिटांवर, म्हणून मी गोधडी मोठ्या पिशवीत भरून बसने निघाले. चारला वहिनी आली की सरळ कार्यालयात जायचं आणि देऊन मोकळं व्हायचं. जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोंबील वाळत होते, उन्हाने वास जड झाला होता. आईच्या घराचं दार नेहमीप्रमाणे उघडंच. ती खाटेवर उताणी, डोळे मिटून, आणि उजवा हात पोटावर एकटाच हलत होता. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली ती न दिसण्यासारखी, पण तिला पिशवीचा आवाज ऐकू गेला. काय आणलंस, म्हणाली. मी म्हणाले, काही नाही, ती गोधडी. ती लगेच उठून बसायला लागली. फेब्रुवारीत मीच तिला सांगितलं होतं, की गोधडी परीक्षेला बसणार आहे, आणि तेव्हापासून ती वहिनीला विचारत होती म्हणे, नंदीच्या गोधडीचं काय झालं. तिला उशी लावून बसवलं. गोधडी मांडीवर पसरावीच लागली.

तिने डोळ्यांनी बघितलंच नाही. सवयीने हात फिरवत फिरवत ती डाव्या कोपऱ्याकडे आली, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. मोरीपाशी तांब्या धरून उभी राहिले. वाटलं, आता म्हणेल. तिच्या बोटांना कळणार नाही असं काही कापडात नसतं. पाणी घेऊन आले तेव्हा ती कोपऱ्यावर अंगठा ठेवून बसली होती, आणि तोंडावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. "बग," ती म्हणाली, "डाक्टर बोलतो हात गेला. कुटं गेला? एक टाका इकडचा तिकडं नाय."

मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. काहीतरी बोलायला हवं होतं. उसवले ते मी, घातले ते मी, तुझे दोरे सोमवारी कचऱ्याच्या गाडीतून गेले. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडातून निघेना, आणि निघालं नाही याची लाज वाटायच्या आत मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची जास्त लाज वाटली. तिने हाक मारून समोरच्या रंगूबाईला बोलावलं. रंगूबाई आता कमरेत वाकलेली. दारात आली, कोपरा हातात धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. हरभऱ्याएवढे टाके घालणारी बाई, पण नजर तिची जन्मभर दुसऱ्यांच्या टाक्यांवर. "झाक हाय," ती आईला म्हणाली, "धोंडू, तुजाच हात." आणि सुकत टाकलेलं कावळे नेतील म्हणून लगबगीने निघून गेली.

मग आईने हात पुढे केला. सुई दे मना, म्हणाली, मधी एक ओल राहिली हाय. मध्ये कुठलीच ओळ राहिलेली नव्हती. मध्ये पाणी पार मागे सरलेला मोकळा चिखल होता, तो मी मुद्दाम कोरा ठेवला होता, पत्रात ज्या रचनेला उत्तम म्हटलं होतं ती रचना म्हणजे तो कोरेपणाच होता. घड्याळात पावणेदोन झाले होते. मी हिशेब केला: तिची एक ओळ, अर्धा तास. ती उसवायला दहा मिनिटं. चारला निघेन, सव्वाचारला पोचेन. इतका सोपा हिशेब होता की मला माझीच किळस आली. पर्समधून सुई काढली, दोरा ओवला आणि तिच्या बोटांत दिली. हात हलत होता, सुई कापडाला लागायची आणि सरकायची, पुन्हा लागायची. पहिला टाका बोटभर लांब पडला. दुसरा त्याच्यावरच आडवा. मी गोधडीची कड घट्ट ताणून धरली होती, लहानपणी ती टाके घालताना मला धरायला सांगायची तशी, आणि मध्ये मध्ये तिच्या हाताखालून सुईचं टोक वर काढून देत होते. ती जीभ दातांत धरून कामाला लागली होती. घाम तिच्या कानाशी आला, तरी थांबेना. ओळ कोऱ्या चिखलातून वाकडीतिकडी निघाली, एके ठिकाणी मागे वळली, पुन्हा पुढे गेली. मला चिडायला हवं होतं. मी बघत होते. इतक्या वर्षांत कोणाला काम करताना इतक्या जवळून, काही न ठरवता, मी बघितलं नव्हतं.

पलीकडच्या टोकाला वीतभर अंतर राहिलं तेव्हा तिने सुई सोडली. मी दोऱ्याला गाठ मारली आणि सुई बाजूला काढून ठेवली. अडीच वाजून गेले होते. ती उशीवर मागे टेकली, डोळे मिटले, आणि मी गोधडीची घडी घालायला लागले, आधी अर्धी, मग पाव, वाकडी ओळ आत जाईल अशी. पिशवीत कात्री होती. मोरीच्या बाजूला उजेड चांगला होता. मी पिशवीची चेन ओढत असताना आई डोळे न उघडता म्हणाली, "पास झाली का गो?"

मी पिशवीवर हात ठेवून उभी राहिले. कार्यालयात सहापर्यंत कोणीतरी बसलेलं असणार, टेबलावर दुसरी यादी, त्यात एक जागा. 'जरूर'खाली रेघ. हे सगळं खरं होतं आणि मला ते हवं होतं, फार हवं होतं. पण त्याच्याही खाली कुठेतरी मी दमले होते. चार वर्षं दमले होते. दर वेळी कोणाच्या तरी काउंटरवर वाकून, ही माझीच सही आहे, असं सांगून दमले होते.

"झाली," मी म्हणाले.

"मंग पिशवीत कशाला भरतस?" ती म्हणाली. "मना पांगरू दे. गार लागतंय."

गार काही नव्हतं, बाहेर मार्चचं ऊन होतं. मी चेन उघडली, गोधडी काढली, झटकली आणि तिच्या पायांपासून गळ्यापर्यंत पसरली. हलणारा हात आत गेला. वहिनी चारला येईल, तोवर तिला झोप लागेल, तेव्हा अलगद ओढून घेता येईल, हेही मनात येऊन गेलं. आलं आणि गेलं. मी चष्मा फळीवर ठेवला आणि खाटेच्या कडेला बसले.

"आये," मी म्हणाले, "जरा सरक."